मूळचा कार्बोरेटर

मिस्त्रींना सगळा रस्ता 'नळीवाले' म्हणायचा, आणि त्यांनाही ते नाव आवडायचं. त्याचं कारण म्हणजे पेट्रोलच्या जुन्या पाइपाचा हातभर लांबीचा एक रबरी तुकडा. चालू इंजिनापुढे उभं राहून मिस्त्री त्याचं एक टोक कानात घालायचे, दुसरं इंजिनावर फिरवायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत निकाल द्यायचे. इथं हवा खातेय. इथं व्हॉल्व्ह वाजतोय. इथं काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत, घरी जा. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि निकाल सहसा चुकत नसे.

बाकीचे मेकॅनिक हवेची गळती वेगळ्या पद्धतीनं शोधत. इंजिन चालू ठेवायचं आणि तेलाच्या पिचकारीनं एकेका सांध्यावर थेंब सोडायचा. जिथं थेंब पडल्यावर इंजिनाचा सूर बदलेल तिथं गळती. पद्धत सोपी आणि खात्रीची, म्हणूनच मिस्त्रींना तिचा राग. अशी माणसं त्यांच्या लेखी 'शिंपडे' होती. "ज्याला कान नाही त्यानं शिंपडत बसावं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आता माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा, त्यात काही वावगं नाही. पण अभिमान इतका वाढला की हाताशी असलेली पिचकारी चाळीस वर्षं खुंटीवर धूळ खात पडली, हे जरा अतीच झालं.

तर या मिस्त्रींचं वय आता अडुसष्ट. गुडघे बोलायला लागले होते. खाली वाकलं की वर येताना बॉनेटला धरावं लागायचं. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, वर पत्रा, मागच्या भिंतीला एकच खिडकी आणि तिच्यावर इतकं काजळ की दुपारीही दिवा लावावा लागायचा. एके काळी इथं एका वेळी चार गाड्या उभ्या असत. नव्या गाड्यांना हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर नसतो, त्यांना नळी लावून ऐकण्यासारखं काही नसतं. त्या गाड्या जिथं कॉम्प्युटर असतो तिथं जातात. मिस्त्रींकडे राहिली होती ती म्हातारी मंडळी, आणि तीही एकेक करून भंगारात किंवा हौशी श्रीमंतांच्या घरी शोभेला जात होती. शेजारच्या टायरवाल्याशी गप्पा मारण्यातच निम्मा दिवस जायचा. गप्पा म्हणजे टायरवाला बोलायचा, मिस्त्री मान हलवायचे.

नियमित येणारी एकच गाडी उरली होती, डॉक्टरीणबाईंची. शेवाळी रंगाची, चार दारांची, गोल दिव्यांची. डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी घेतलेली आणि मिस्त्रींच्या लग्नापेक्षाही जुनी. बाईंचं वय चौऱ्याहत्तर, अजून रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आणि त्याच गाडीनं जायच्या. भाचा म्हणायचा, नवी घे. त्या म्हणायच्या, नव्या गाड्यांतून उतरताना विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं. गाडीतला एकही मोठा भाग बदललेला नव्हता, ही मिस्त्रींची कमाई. इंजिन तेच, गिअर तेच, आणि पितळी पट्टीचा तो कार्बोरेटरही तोच, कारखान्यातून आलेला. छत्तीस वर्षं मिस्त्रींनीच तो उघडला, धुतला, पुन्हा जोडला. पहिल्यांदा उघडला तेव्हा झाकण उलटं बसू नये म्हणून त्यांनी पंचनं एक ठिपका मारून ठेवला होता. तो ठिपका अजून होता.

गेल्या सव्वा महिन्यापासून या गाडीनं मिस्त्रींना जेरीस आणलं होतं. थंड असताना छान चालायची. गरम झाली आणि चौकात थांबली की इंजिनाला धाप लागायची. वर जायची, खाली यायची, आणि मग फस्स करून बंद. मिस्त्रींनी प्लग बदलले. पॉइंट बदलले. पेट्रोलचा पंप उघडला, टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर तर चारदा साफ केला. आणि दर वेळी नळी. नळी कानात घालून ते सगळ्या सांध्यांवरून फिरले. कुठंही शिटी नाही, कुठंही फुसफूस नाही. हवेची गळती नाही म्हणजे नाही. नळीनं सांगितलं की विषय संपला.

मग एक दिवस गाडी मोठ्या चौकाच्या ऐन मध्यावर बंद पडली. मागं ट्रक. ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डॉक्टरीणबाई तशाच दुकानात आल्या, पायी, तोंड पांढरं पडलेलं.

"मिस्त्री," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या, "पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी गाडी विकणार. मला आता भीती वाटते."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण मिस्त्री त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. आणि त्या क्षणी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की ही गाडी आपल्या हातून सुधारली नाही, तर आपणही शटर खाली ओढायचं. छत्तीस वर्षं ओळखीचं इंजिन ज्याला कळत नाही त्यानं लोकांकडून काम कशाला घ्यायचं?

खरं सांगायचं तर त्यांच्या मनात एक शंका घर करून होती. ती रात्रंदिवस पोखरत होती, पण ती नीट बघायची त्यांची तयारी नव्हती. हल्ली मुलीचा फोन आला की तिचा आवाज फार बारीक यायचा. त्यावर त्यांनी फोन खराब आहे असं ठरवलं होतं. घरातला कुकर शिट्ट्या देईनासा झाला होता, त्यावर कुकर जुना झालाय असं ठरवलं होतं. इंजिनाचा ठोका मात्र पूर्वीसारखाच दणदणीत ऐकू येत होता. मग कानाला काय धाड भरलीय? कान शाबूत. दोष दुसऱ्या कुणाचा तरी असणार.

तो दुसरा कुणीतरी त्यांना सापडला. गाडी ढकलत दुकानात आणल्यावर कार्बोरेटरचा थ्रॉटलचा दांडा, रेस दिली की फिरतो तो, त्यांनी दोन बोटांत धरून हलवला, तर तो किंचित हलला. आता इतक्या वर्षांनी कुठला दांडा हलणार नाही? गेली पंधरा वर्षं तो तेवढाच हलत होता. पण बुडत्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो.

"बाई, दांडा झिजलाय," मिस्त्री म्हणाले. "यात आता जीव नाही. कार्बोरेटर बदलावा लागेल."

डॉक्टरीणबाईंनी पितळी पट्टीकडे बघितलं. "तुम्हीच म्हणायचात, मूळचा भाग काढू नये."

"म्हणायचो."

"मग ठीक आहे. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार."

शिवी दिली असती तर परवडलं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच एक पाना पुसत बसले.

नवा कार्बोरेटर यायला बारा दिवस लागले. जुन्या गाड्यांसाठी हुबेहूब नकला करणारे लोक असतात, त्यांच्याकडून तो मागवला होता. खोक्यात कार्बोरेटर, कागदी पॅकिंगचा संच आणि एक काळा ठोकळा. हा ठोकळा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये बसतो, म्हणजे इंजिनाची धग वर पोचत नाही. जुन्या गाडीत तो, जुन्या विजेच्या बटणांना असायचं तसल्या, बेकेलाईटचा होता, जाड, वजनदार. खोक्यातला प्लॅस्टिकचा, हलका. मिस्त्रींनी तो हातात घेऊन नाक मुरडलं.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी काम काढलं. एअर क्लीनर उतरवला, पेट्रोलची नळी सोडवली, चोकची तार सोडवली. दोन नट राहिले. एरवी ते नट सोडवताना त्यांना काहीच वाटायचं नाही, कारण संध्याकाळपर्यंत ते परत लागणार असायचे. या वेळी पाना लावला आणि हात थांबला. आपण घरच्या माणसाला घराबाहेर काढतोय, आणि तेही त्यानं चोरी केल्याचा पुरावा नसताना, असं त्यांच्या मनात आलं. मग ते स्वतःवरच चिडले. लोखंडाला कसलं आलंय घर! त्यांनी नट काढले आणि कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून खिडकीखालच्या फळीवर ठेवला, ठिपका वर करून.

खाली बेकेलाईटचा ठोकळा राहिला होता. मिस्त्रींनी तो काढला, रॉकेलमध्ये धुतला, फडक्यानं पुसला. छान दिसत होता. 'निदान एवढं तरी मूळचं राहू दे,' असं म्हणून त्यांनी तो परत बसवला आणि खोक्यातला प्लॅस्टिकचा ठोकळा कोपऱ्यात भिरकावला. हे त्यांनी कुठल्या हिशेबानं केलं म्हणाल तर कुठल्याच नाही. एकाला काढल्याचं वाईट वाटत होतं, म्हणून दुसऱ्याला ठेवलं.

मग नवा कार्बोरेटर चढवला, गाडी सुरू केली आणि स्टुलावर बसून ती गरम व्हायची वाट बघत राहिले. वीस मिनिटं उत्तम. मग एक झटका. मग धाप. वर, खाली, वर, खाली. बंद पडता पडता मिस्त्रींनी हातानं रेस दिली.

त्यांना एकदम खूप थकवा आला. घोरपडीसारखी मनाला चिकटून असलेली ती शंका आता समोर येऊन उभी राहिली होती. पण सवय कुठं जाते? त्यांनी नळी घेतली, कानात घातली, डोळे मिटले आणि पुन्हा एकेक सांधा ऐकत फिरायला लागले. ठक ठक ठक, इंजिनाचा ठोका. बाकी काही नाही.

एक वाजता त्यांची बायको डबा घेऊन आली. गेली कित्येक वर्षं तिचा एकच नेम: यायचं, डबा खिळ्याला अडकवायचा, कालचा रिकामा डबा घ्यायचा आणि जायचं. बोलणं नाही. फार तर "तेल संपलंय" किंवा "मुलीचा फोन होता." लग्न झालं तेव्हा ही बाई बोलायला लागली की थांबायची नाही. गेल्या नऊ वर्षांत ती कमी कमी होत आटून गेली. मिस्त्रींना वाटायचं, वय झालं, माणसं गप्प होतात. आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांचाही एक राग होता. नऊ वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण शेवटच्या आजारात होती, तेव्हा ही त्यांना न सांगता, न विचारता, एकटीच पिशवी भरून निघून गेली होती. मिस्त्री घरी आले तर घर बंद. मेहुणी गेल्याचं त्यांना दोन दिवसांनी टायरवाल्याच्या फोनवर कळलं. आपल्या बायकोला आपली गरज वाटली नाही, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. विचारायला गेलो तर ती रडेल म्हणून विचारलं नाही, आणि पुढे विचारायची वेळ निघून गेली.

त्या दिवशी मात्र डबा अडकवताना बायको थांबली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि एका कानावर हात ठेवला.

"अहो, ती शिटी बंद करा की! कान किटले."

मिस्त्री तिच्याकडे बघतच होते म्हणून त्यांना कळलं. "कसली शिटी?"

"कसली म्हणजे? ही काय. सूंऽऽ करून."

त्यांनी इंजिनाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, नळीकडे बघितलं. मग चेहरा शक्य तेवढा साधा ठेवून, चेष्टेच्या सुरात म्हणाले, "ऐकू येतेय ना, मला काय येत नाही होय? तुझा कान कसा आहे ते बघतोय. सांग बरं कुठून येतेय?"

"मला काय माहीत? मी काय मिस्त्री आहे?"

"ही नळी धर. एक टोक कानात घाल आणि दुसरं फिरव. जिथं मोठा आवाज येईल तिथं थांब."

तिनं नळीकडे असं बघितलं की जणू कुणी मेलेला उंदीर पुढे केलाय. मग रुमाल काढून टोक तीनदा पुसलं आणि कानात घातलं. चाळीस वर्षांत तिनं त्या नळीला पहिल्यांदा हात लावला होता. इंजिनाजवळ जायला ती घाबरत होती. मिस्त्रींनी तिचं मनगट धरून नळी पुढे नेली. पंप. नाही. सायलेन्सरचा सांधा. नाही. नव्या कार्बोरेटरचं झाकण. नाही. मग ती स्वतःच खाली झुकली आणि तिचा हात बेकेलाईटच्या ठोकळ्याच्या मागच्या, खालच्या बाजूला गेला.

"अगंबाई!" तिनं डोकं झटकन मागं घेतलं. "इथं! कानात सुई घातल्यासारखं झालं."

त्या जागी मिस्त्री त्याच सकाळी तीनदा ऐकून गेले होते.

"बरोबर," ते म्हणाले. "पास झालीस."

"झाला तुमचा पोरखेळ? जेवा वेळेवर," असं म्हणून ती रिकामा डबा घेऊन निघून गेली. तिला खरंच वाटलं की नवऱ्याला आज काहीतरी चेष्टेची लहर आली होती.

ती गेल्यावर मिस्त्रींनी खुंटीवरची पिचकारी काढली. धूळ पुसली. तेल भरलं. आणि चाळीस वर्षं ज्यांना हिणवलं त्या शिंपड्यांसारखं त्यांनी ठोकळ्याच्या मागच्या बाजूला दोन थेंब सोडले. इंजिनाची धाप तिथल्या तिथं थांबली. ठोका सरळ झाला. हा बदल मिस्त्रींना स्वच्छ ऐकू आला, कारण तो ठोक्यातला होता, शिटीतला नव्हता. थेंब आत ओढले गेले आणि इंजिन पुन्हा धापा टाकायला लागलं. पावणेदोन महिने. पिचकारी दोन मिनिटांत सांगून मोकळी झाली असती.

त्यांनी गाडी बंद केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

बुधवारी सकाळी त्यांनी सगळं पुन्हा उतरवलं. ठोकळा घेऊन ते दाराशी उजेडात गेले आणि तो दोन्ही हातांनी पिळून, दाबून बघितला. केसाएवढी बारीक चीर, मागच्या बाजूला खालून आत गेलेली. थंड असताना मिटलेली, गरम झाली की उघडणारी. याच ठोकळ्याला काल आपण मायेनं आंघोळ घातली, हे आठवून त्यांना हसू आलं, पण ते हसू काही फार वेळ टिकलं नाही. ज्याची चूक नव्हती त्याला काढलं, आणि ज्याची होती त्याला पुसूनबिसून घरात घेतलं. कोपऱ्यात पडलेला प्लॅस्टिकचा ठोकळा त्यांनी शोधून आणला, खाली वर नवं पॅकिंग घातलं आणि त्यावर मूळचा कार्बोरेटर चढवला. दोन नट हाताच्या ओळखीनं आपोआप बसले. नवा कार्बोरेटर त्यांनी खोक्यात घालून वर दोरी बांधली. ज्याचा त्याला परत.

गाडी सुरू केली. गरम होऊ दिली. धाप नाही. तरीही त्यांनी नळी कानात घातली आणि ठोकळ्यापाशी धरली. काही नाही. कालही काही नव्हतं. आज खरोखर शांत आहे, की आज दुसरीकडे कुठंतरी शिटी वाजतेय आणि आपल्याला कळत नाहीये? दोन्ही शांतता अगदी सारख्या. मिस्त्रींनी नळी बाकावर ठेवली, पिचकारी घेऊन सगळ्या सांध्यांवर एकेक थेंब सोडला, आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून घड्याळाकडे बघत बसले. एक वाजायला पन्नास मिनिटं होती. बायकोची एवढी वाट त्यांनी लग्नाच्या वर्षातही बघितली नसेल.

ती आली. त्यांनी नळी पुढे केली. तिनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, टोक पुसलं, कानात घातलं आणि इकडून तिकडे दोनदा फिरवलं.

"नाही. गेली शिटी."

"सगळीकडे बघितलंस?"

"बघितलं. कुठं नाही."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दवाखान्यातून परस्पर आल्या. गाडीचं इंजिन शांतपणे चाललेलं बघून त्यांचा चेहरा उजळला. त्या बॉनेटपाशी आल्या, आत वाकल्या आणि थबकल्या.

"हा तर जुनाच दिसतोय. पितळी पट्टी."

"हो."

"मग नवा?"

उत्तर ओठांवर तयार होतं. नवा माल चांगला नव्हता, नकला करणारे लबाड असतात, मीच जुना दुरुस्त केला. बाईंनी मान डोलावली असती, आभार मानले असते, आणि नळीवाले मिस्त्री आणखी चार-दोन वर्षं नळीवाले राहिले असते. मिस्त्रींनी तोंड उघडलंही त्यासाठीच. पण 'तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार' हे वाक्य आडवं आलं.

"बाई, कार्बोरेटर चांगलाच होता," ते म्हणाले. "त्याचा काही दोष नव्हता. खालचा ठोकळा चिरला होता, तिथून हवा जात होती. शिटी वाजत होती. मला ऐकू आली नाही. माझा कान गेलाय."

बायको डबा अडकवायला गेली होती. तिचा हात खिळ्यापाशीच राहिला.

"ठोक्याचा आवाज येतो," मिस्त्री पुढे म्हणाले, "पण बारीक आवाज येत नाही. शिटी येत नाही. हिनं शोधून दिलं. मी तुम्हाला फुकट नव्या कार्बोरेटरच्या खर्चात पाडलं, चौकात तुमचा जीव धोक्यात घातला. यापुढे तुम्ही दुसरा मिस्त्री बघा. मी सांगतो कोण चांगला आहे ते."

डॉक्टरीणबाई चिडल्या. चिडणार नाहीत तर काय? "पावणेदोन महिने मिस्त्री! एवढं होतं तर आधी सांगायचं नाही?" मग त्यांच्यातली डॉक्टर जागी झाली. त्यांनी मिस्त्रींच्या मागं जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारलं. मिस्त्री तसेच गाडीकडे बघत उभे. बाई पुढे आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "उद्या दहा वाजता दवाखान्यात या. कानाच्या डॉक्टरांना मी बोलावून ठेवते. दुसऱ्या मिस्त्रीचं मग बघू. तोवर गाडी चालतेय ना?"

"चालतेय."

"मग मी निघते." त्या गाडीत बसल्या आणि गेल्या. कोपऱ्यावर सिग्नल होता. गाडी तिथं थांबली, थांबून राहिली, आणि सिग्नल मिळाल्यावर सुरळीत निघाली. आपलं काम संपलं, असं मिस्त्रींना वाटलं. ते स्टुलावर बसले.

बायको अजून गेली नव्हती. ती समोरच्या उलट्या खोक्यावर येऊन बसली, डबा मांडीवर घेऊन.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

मिस्त्रींनी विचार केला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "एकदम नाही झालं. आठ-दहा वर्षं झाली असतील. नळ चालू असला, कुणी पाठमोरं बोललं, की नुसती कुजबुज येते. मी मान हलवतो. टायरवाल्याचं तर मला चार वर्षांत एक वाक्य धड कळलेलं नाही."

एरवी ती हसली असती. ती हसली नाही. तिची बोटं डब्याच्या झाकणावर काहीतरी मोजत होती.

"धाकटी आजारी होती तेव्हा?"

"तेव्हा काय?" मिस्त्रींचा जुना राग जिभेवर आला. "तेव्हा तू मला न सांगता निघून गेलीस. घराला कुलूप. साधं बोललीसुद्धा नाहीस."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"सकाळी. मी भांडी घासत होते, तुम्ही मागं चहा पीत होतात. मी विचारलं आणि थांबले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कप ठेवलात, चप्पल घातलीत आणि दुकानात आलात." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, हा माणूस एवढा दगड कसा झाला? मग म्हटलं, आता याला काही विचारायचंच नाही."

"काय विचारलं होतंस?"

ती उठली. त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं, सावकाश बोलली. शेजारचा टायरवाला काम थांबवून बघायला लागला. त्याला वाटलं, म्हातारा-म्हातारी भांडतायत.

"म्हटलं होतं, तिचं काही खरं नाही. मला एकटीला जायची भीती वाटतेय. तुम्ही याल का बरोबर?"

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शब्द कळले होते. ते आत उतरायला वेळ लागला. त्यांना ती सकाळ आठवली नाही. आठवण्यासारखी ती नव्हतीच. इतर सकाळींसारखी एक, नळाचं पाणी, पाठमोरी बायको आणि काही कुजबुज. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आलो असतो गं," ते म्हणाले. "दुकान बंद करून आलो असतो."

ती भिंतीकडे वळली. डोळे पुसता पुसता काहीतरी म्हणाली, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. मिस्त्रींना कुजबुज ऐकू आली. त्यांची मान सवयीनं हलायला लागली होती; ती त्यांनी थांबवली.

"काय म्हणालीस?"

नऊ वर्षं या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं, 'काही नाही.' या वेळी तिनं डबा खाली ठेवला, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.